गच्चीवरून सिंहगड काढताना पाण्याच्या टाक्यांचं काय करायचं?

पाणीदार | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथले चित्रकलेचे धागे बरेच दिवस नुसते वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात धायरीत राहतो. जलरंग शिकायला लागले खरी, पण बाहेर कुठे जाऊन बसणं जमत नाही (नोकरी, घर, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा). म्हणून आमच्या गच्चीवरून जे दिसतं तेच काढायचं ठरवलं. दिसतं ते असं: समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चार काळ्या टाक्या. एकीचं झाकण उडालंय, तिच्यावर कुणीतरी फरशीचा तुकडा ठेवलाय. त्या इमारतीच्या पलीकडे खाली पत्र्याची शेड, शेडवर निळी ताडपत्री, ताडपत्री उडू नये म्हणून जुने टायर. मग गुलमोहर, वायरींचं जाळं, आणि या सगळ्याच्या मागे सिंहगड. टीव्ही टॉवरसकट.

क्लासमध्ये सांगितलं की टाक्या-वायरी काढून टाका, शेडच्या जागी नदी घाला, जरा कल्पनाशक्ती वापरा. तसं केलं. चित्र गोड झालं, घरच्या ग्रुपवर भरपूर अंगठे आले. पण ते कुठलंही गाव असू शकतं. गच्चीवर उभं राहून मला जे काही होतं, त्यातलं काहीच त्यात उतरलं नाही. मग दुसरं टोक गाठलं आणि सगळं दिसतं तसं काढलं, टायर मोजून. ते सोसायटीच्या तक्रारअर्जाला जोडलेल्या फोटोसारखं दिसतंय.

तर प्रश्न असा की रोजच्या बघण्यातल्या जागेचं निसर्गचित्र करताना कल्पना घालायची कुठे आणि किती? याला काही धरबंध असतो का?

कट्ट्यावरचा | शनिवार, रात्री १०:५२

नदीच घाला. नदीत होडी, होडीत मी. :)

घाटमाथा | शनिवार, रात्री ११:२०

टाक्या काढून टाका, एवढा विचार कशाला? रोज बघतोच की आपण त्या. मी चित्र दिवाणखान्यात लावतो ते त्या टाक्यांपासून सुटका म्हणून. विकत घेणारा माणूस टाकी विकत घेत नाही, गड घेतो.

ओला_कागद | रविवार, सकाळी ७:१०

पाणीदार, स्वागत. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागेल.

ती नदी का जमली नाही ते आधी बघू. ती तुमच्या गच्चीवरून आलीच नव्हती, ती शाळेतून आली. दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर कौलारू घर, शेजारी एक नारळ. हे चित्र महाराष्ट्रातल्या पोरापोराने काढलंय, ज्याच्या तालुक्यात नदीला आठ महिने पाणी नसतं त्यानेसुद्धा. आपण त्याला कौतुकाने कल्पनाचित्र म्हणतो. त्यात कल्पना कुणाचीच नसते, सगळं पाठांतर.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असायचा. त्याचा सराव घेताना मी मुलांना बसथांबा द्यायचो. बहुतेकांच्या बसथांब्यावर रांगेत उभी माणसं, सगळी एका साच्यातली, सगळ्यांचे हात सरळ खाली. मधेच एखाद्या कागदावर एक बाई खांबाला धरून एका पायावर उभी, हातात तुटलेल्या पट्ट्याची चप्पल. ते पोर रोज स्टँडवर ताटकळतं हे सांगावं लागत नाही. ती बाई त्याने त्या क्षणी समोर पाहिली नव्हती, काढली होती मनानेच. पण कुठेतरी कधीतरी नीट पाहिली होती.

आता काम. उद्या गच्चीवर रंग नेऊ नका. वही आणि ४बी पेन्सिल न्या. डोळे बारीक करून बघा म्हणजे वायरी, खिडक्या, गजगज सगळं विरघळून तीनच छटा उरतील: उजळ, मधली, गडद. काडेपेटीएवढ्या चौकोनात तेवढ्या तीन मांडा. शेजारी दुसरा चौकोन काढा, त्यात टाक्या डावीकडे सरकवा. तिसऱ्यात एकच टाकी ठेवा, पण मोठी. चौथ्यात गड वर चढवून आकाशाची नुसती पट्टी ठेवा. पाचव्यात आकाशच आकाश. आपण कल्पना लढवतो ती इथे, जिथे चुकलं तर चार रेघा फुकट जातात. ३०० जीएसएमचा जाड, महागडा कागद बोर्डावर चिकटवल्यावर कुणाचीच छाती होत नाही, मग हात आपोआप शाळेतल्या नदीकडे जातो.

टाकीबद्दल माझं मत: एक ठेवाच. पुढे एक ठसठशीत गडद आकार असला की मागचा गड आपसूक मागे जातो. ती काढून टाकली तर गडाला लांब ढकलायला दुसरं काहीतरी आणावं लागेल, आणि ते बहुधा नारळाचं झाड असेल.

थेट_जागेवर | रविवार, सकाळी ९:३५

मास्तरांचं अर्धं पटलं. चौकोनांपर्यंत ठीक, पण टाक्या सरकवायच्या कशाला?

मी पुण्यात रविवारी स्केच करणाऱ्यांबरोबर जातो. २००७ साली सिअ‍ॅटलमधल्या गाब्रिएल काम्पानारियो या पत्रकार-चित्रकाराने अर्बन स्केचर्स ही चळवळ सुरू केली. त्यांच्या जाहीरनाम्यात साफ म्हटलंय की आम्ही जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढतो आणि जे दृश्य पाहिलं त्याच्याशी प्रामाणिक राहतो. मला ते बंधन आवडतं. धायरी ज्या वेगाने बदलतेय, त्या वेगाने पुढच्या पाच वर्षांत तुमच्यासमोर टॉवर उभा राहील आणि गड दिसणारही नाही. तेव्हा हे चित्र हीच काय ती नोंद. त्यात टाक्या इकडच्या तिकडे केल्या तर कशाला काय किंमत राहिली? झाकणावरची फरशी हे तर त्या दृश्यातलं सगळ्यात भारी प्रकरण आहे, आणि ती कुणाला बसून सुचली नसती.

घाटमाथा | रविवार, सकाळी ९:५०

नोंदच हवी तर मोबाईल आहे की.

थेट_जागेवर | रविवार, सकाळी १०:०५

मोबाईल तर सगळ्यात मोठा थापाड्या. त्याची नेहमीची लेन्स रुंद असते, त्यामुळे लांबचा डोंगर बारका होतो. गच्चीवरून सिंहगड किती मोठा वाटतो आणि फोटोत केवढा येतो ते पाहा. फोटोवरून चित्र करणाऱ्यांचे गड म्हणूनच पायरीएवढे असतात. शिवाय सावल्या काळ्याठिक्कर येतात, प्रत्यक्षात त्यांच्यात निळा-जांभळा भरलेला असतो.

ओला_कागद | रविवार, सकाळी ११:४०

म्हणजे गड डोळ्याला मोठा वाटतो म्हणून मोठा काढायला तुमची ना नाही. मग आपलं भांडण फक्त मापाचं उरलं. :)

गंमत म्हणून एक सांगतो. इंग्लंडचा चित्रकार कॉन्स्टेबल हा बघून काढणाऱ्यांचा मेरुमणी. ढगांचा अभ्यास करायला मैदानात जाऊन बसायचा आणि कागदामागे वेळ, वारा लिहून ठेवायचा. त्याला १८१६ मध्ये एका जनरलने आपल्या इस्टेटीचं चित्र सांगितलं, ते विव्हनहो पार्क. मालकाला घर हवं, तळं हवं, हरणांची शेडही हवी. एका नजरेत एवढं मावेना. कॉन्स्टेबलने कॅनव्हासला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या आणि जे डावी-उजवीकडे मान वळवल्याशिवाय दिसत नाही ते एका चौकटीत आणलं. चित्र बघताना कुठेही शंका येत नाही, कारण झाडांखालची सावली, पाण्यातलं प्रतिबिंब, ढगांतून येणारा उजेड, सगळं एका दुपारचं आहे.

सातासमुद्री | रविवार, दुपारी १२:१५

याच चालीवर व्हॅन गॉगचं ‘ताऱ्यांची रात्र’ हे चित्र. जून १८८९, फ्रान्समधल्या सँ-रेमीचं मनोरुग्णालय, तिथे तो तेव्हा राहत होता. पूर्वेकडची खिडकी खरी, तिला गज होते ते चित्रात नाहीत. पहाटेची मोठी चांदणी खरी, खिडकीतून पाहिल्याचं त्याने भावाला लिहिलं होतं. खालचं गाव मात्र त्या खिडकीतून दिसतच नव्हतं, ते दुसरीकडून आणून बसवलंय. आणि चर्चचा उंच सुळका तर त्याच्या मायदेशातल्या, हॉलंडच्या चर्चसारखा. चित्र केलं दिवसाउजेडी. म्हणजे गज काढायचे की ठेवायचे हा प्रश्न त्यालाही पडला असणारच!

मी टोरोंटोला असते. आमच्याकडे खिडकीबाहेर चार-पाच महिने पांढरं आणि राखाडी. सुरुवातीला मी कंटाळून आठवणीतला आंबोलीचा पाऊस काढायचे, पण तो दर वेळी जास्तच हिरवा व्हायचा. आठवणीत सगळे मधले रंग गळून जातात बहुतेक, उरतो तो जाहिरातीतला हिरवा. मग एकदा उलट केलं. समोरच्या शेजाऱ्याचं कुंपण, त्याची पाइनची झाडं, गल्ली, सगळं इथलंच ठेवलं आणि त्यावर हवा तेवढी आंबोलीची आणली: ढग खाली उतरलेला, झाडांचे शेंडे गायब, रस्ता चकाकता. ते चित्र जमलं. नवऱ्याने विचारलं हे कुठलं, तर सांगता येईना.

रंकाळावेस | रविवार, दुपारी १:३०

आमच्या कोल्हापूरचं नाव कुणीच काढंना म्हणून आलो.

आबालाल रेहमान, आमचे चित्रकार. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय, आणि काढलं काय? तर रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ. परत रंकाळा. आम्ही त्याच रंकाळ्यावर भेळ खात वाढलो, त्यामुळं एक सांगू शकतो. त्यांची चित्रं बघितली की पाणी, झाडं, काठ ओळखू येतो, पण असा उजेड आपण कधी बघितलाय असं वाटत न्हाय. आणि नंतर एखाद्या दिवशी थंडीत सकाळी लवकर गेलं की तो तिथंच असतोय. आता ह्याला कल्पना म्हणायची का निरीक्षण, तुमी ठरवा. मला वाटतंय रोज त्याच तळ्यावर जाणाऱ्याला दोन्हीतला फरक कळायचा बंद होत असंल.

टाकीचं म्हणाल तर ठेवा. आमच्याकडं आता रंकाळ्यामागं बी टाक्याच दिसत्यात.

कातळकडा | रविवार, दुपारी ३:०५

जरा वेगळ्या बाजूने. मी भूशास्त्रवाला, चित्रातलं कळत नाही. पण लोकांनी मनाने काढलेले डोंगर बघून माझे दात शिवशिवतात.

आपला सह्याद्री बसाल्टचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, ते जवळपास आडवे आहेत. काही थर टणक, काही भुसभुशीत. टणक थराचा उभा कडा होतो, भुसभुशीत थराचा उतार, त्यावर गवत-झाडी. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आणि माथ्याला बऱ्याचदा सपाट. सिंहगड खालून नीट बघा: उतार, मग काळा पट्टा, परत उतार, वर कडा. पावसाळ्यात धबधबे बरोबर त्या पट्ट्यांवरून पडतात. शाळेतला त्रिकोणी डोंगर पुणे जिल्ह्यात शोधायला गेलात तर फार फिरावं लागेल.

तर नसलेला डोंगर घालायचा असेल तर खुशाल घाला, पण या कातळाचा घाला. मागच्या रांगेतले आडवे पट्टे पुढच्या रांगेशी साधारण समांतर जाऊ देत. बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण तो डोंगर इथलाच वाटेल.

ओला_कागद | रविवार, दुपारी ३:४०

कातळकडा, हे मी माझ्या वर्गात तीस वर्षांत सांगितलं नाही. वही काढून लिहून घेतलं.

पाणीदार | रविवार, रात्री ९:२०

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून आभार.

आज चौकोन काढले. एक टाकी डावीकडे मोठी, फरशीसकट (थेट_जागेवर यांच्या आग्रहाखातर). बाकीच्या तीन गायब. वायर एकच, तीही गडाच्या खालून जाणारी. कातळकडा म्हणाले तसे पट्टे खरंच दिसले, इतके दिवस मी तिथे नुसता हिरवा फासत होते. आणि आता मला ते संध्याकाळचं करायचंय. गडाच्या बरोबर मागे सूर्य मावळतोय, गड जांभळट, टाकीच्या कडेला केशरी रेघ. कसं वाटतं?

पंचांगकर्ता | रविवार, रात्री ९:४८

छान. फक्त धायरीहून सिंहगडामागे सूर्य मावळत नाही. कधीच.

नकाशा काढा. धायरीहून गड दक्षिण-नैऋत्येला आहे. सूर्य जास्तीत जास्त दक्षिणेकडे मावळतो तो डिसेंबरात, तेव्हाही पश्चिम-नैऋत्येला. म्हणजे गडाच्या बराच उजवीकडे. जूनमध्ये तर तो वायव्येकडे सरकलेला असतो. डिसेंबरात सूर्य गडाच्या दिशेला येतो खरा, पण दुपारी दोनच्या सुमाराला आणि चांगला वर.

कट्ट्यावरचा | रविवार, रात्री ९:५५

घ्या! आता सूर्यालाही सोसायटीची परवानगी.

थेट_जागेवर | रविवार, रात्री १०:१०

मी हेच म्हणत होतो. खरा उजेड जास्त चांगला आहे! डिसेंबरातली संध्याकाळ घ्या. सूर्य चौकटीच्या बाहेर, उजवीकडे, खाली. म्हणजे गडाच्या प्रत्येक सोंडेची उजवी कड उजळेल आणि डावी बाजू सावलीत जाईल, कातळाचे पट्टे उठून येतील. सूर्य मागे ठेवलात तर गड एक सपाट जांभळा कागद होईल आणि आजच दिसलेले पट्टे घालवून बसाल.

ओला_कागद | सोमवार, सकाळी ६:५०

थेट_जागेवर यांना या बाबतीत पूर्ण गुण. पण तत्त्व म्हणून मी सूर्य हलवायच्या विरोधात नाही. हलवा, पण हलवल्यावर त्याचं भाडं भरा. सूर्य मागे नेला की टाकीची आपल्याकडची बाजू सावलीत, गच्चीच्या फरशीवरच्या सावल्या आपल्याकडे येणाऱ्या, गुलमोहराच्या पानांतून उजेड आरपार येऊन ती पोपटी. हे सगळं बदलायचं. लोक सूर्य बदलतात आणि सावल्या फोटोतल्याच ठेवतात. बघणाऱ्याला दिशा कळत नाही, पण सावली खोटी असली की त्याला कुठेतरी टोचतं.

आईचीवही | सोमवार, सकाळी ११:३०

धागा वाचनखुणेत ठेवला. एक बाळबोध शंका. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, गच्ची नाही, तळमजल्याचं घर, खिडकीसमोर पार्किंग. त्याला निसर्गचित्र काढ म्हटलं की मास्तर म्हणाले तेच दोन डोंगर. त्याला काय दाखवू?

ओला_कागद | सोमवार, दुपारी १२:४५

दिवाळीत किल्ला करता ना? मग झालं.

गेन्सबरो नावाचा इंग्लिश चित्रकार होता, अठराव्या शतकातला. त्याच्याबद्दल त्याच्याच काळातल्या रेनल्ड्स या चित्रकाराने सांगून ठेवलंय की तो टेबलावर फुटके दगड, वाळलेली झुडपं आणि आरशाचे तुकडे मांडायचा आणि त्यावरून खडक, झाडं, पाणी असलेली मोठी निसर्गचित्रं करायचा. आपली पोरं दर दिवाळीला अंगणात नेमकं हेच करतात! दगडविटांवर पोतं, पोत्यावर माती, हळीव पेरून हिरवळ, तळ्याला आरसा. आणि मग त्यावर मावळे ठेवून सगळं संपवून टाकतात.

किल्ला झाला की मुलाला पोटावर झोपवा, हनुवटी जमिनीला, डोळा मावळ्याच्या उंचीवर. तिथून काढायला सांगा. हळिवाची रोपं झाडीएवढी दिसतात, दगड कडा होतो, मागची पार्किंगची भिंत म्हणजे आकाश. आणि एका बाजूने टॉर्च मारा. टॉर्च उजवीकडून डावीकडे नेली की सकाळची संध्याकाळ होते. सूर्य हलवल्यावर काय काय बदलतं हा वरचा सगळा वाद त्याला पाच मिनिटांत कळेल. दिवाळीला अवकाश असेल तर कुंडीतली माती आणि दोन दगड पुरतात.

वसईचा_पाऊस | सोमवार, दुपारी २:२०

पार्किंगवाल्यांना आणखी एक. पावसाळ्यात भिंतीला ओल येते ना, पोपडे निघतात, त्याकडे बघत बसायचं. लिओनार्दो दा विंचीने होतकरू चित्रकारांना हाच सल्ला दिला होता, डाग पडलेल्या भिंती बघा, त्यात डोंगर, नद्या, झाडं, लढाया दिसतील. आमच्या घरात त्या हिशेबाने अख्खं युरोप आहे.

मी करतो ते असं. कागद पूर्ण ओला करायचा, त्यावर अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा राखाडी इकडेतिकडे सोडायचा, बोर्ड तिरका करायचा आणि हात बांधून बसायचं. वाळल्यावर बघायचं की यात आपल्या स्टेशनच्या पुलावरून दिसणारं काही आहे का. मिठागरं निघतात, खाडी निघते. मग त्याच जागेवर जाऊन बघून यायचं की तिथे अजून काय असतं, आणि तेवढंच थोडं घालायचं. आधी डाग, मग जागा.

झटपट | सोमवार, दुपारी २:३५

एवढं सगळं करण्यापेक्षा गच्चीवरचा फोटो एआयला द्या, मिनिटात जलरंग करून देतो.

सातासमुद्री | सोमवार, संध्याकाळी ६:१०

दिला होता, माझ्या गल्लीचा. शेजाऱ्याचं कुंपण काढून नदी घातली त्याने! शाळा मराठी माध्यमाची असावी.

तिवरवाडी | सोमवार, रात्री ८:००

रत्नागिरीहून. जुलैत आमच्याकडे वॉश (पातळ रंगाचा थर) वाळतच नाही, तक्रार करून उपयोग नाही. मी आता त्याचाच फायदा घेतो. आकाश ओलं असतानाच डोंगराचा माथा त्यात लावायचा. कड आपोआप पुसली जाते आणि ढगात घुसलेला डोंगर मिळतो. हेअर ड्रायर असलेल्यांनी पावसाळ्यात तो कपाटात ठेवावा. आणि हिरव्याबद्दल: ट्यूबमधला सॅप ग्रीन जवळच्या झाडीला कसाबसा चालतो, पण लावणी झालेल्या भाताला नाही. त्याला लेमन यलो भरपूर आणि निळा नावापुरता. मागच्या डोंगरात मात्र पिवळा जवळजवळ नकोच, दर रांगेला तो कमी करत जायचं.

घाटमाथा | सोमवार, रात्री ८:२५

माझा मुद्दा कुणी खोडला नाही अजून. टाकी घेणार कोण?

रंकाळावेस | सोमवार, रात्री ८:४०

मी घेतो की. फ्रेम तुमी घाला.

पाणीदार | बुधवार, रात्री १०:३०

केलं! पाव इंपिरियल मापाचा कागद, डिसेंबरची संध्याकाळ, सूर्य उजवीकडे चौकटीबाहेर (पंचांगकर्ता, समाधान?). गडाच्या सोंडांच्या उजव्या कडा कागदाचा पांढरा राखून त्यावर फिकट गेरू. टॉवर ठेवला, पण ब्रशच्या टोकाने एकच फिकी रेघ. तो वगळला तेव्हा गड तोरणा वाटायला लागला होता. टाकीसाठी तयार काळा वापरला नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवून लावला, त्यामुळे तिच्यात खोली आलीय. फरशीच्या कडेवर केशरी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टाकीच्या पोटावर, सावलीच्या बाजूला, ताडपत्रीचा निळा उजेड पडलाय असं दाखवलं. तो निळा मी खरंच पाहिला नाहीये, पण तो घातल्यावर चित्र बोलायला लागलं.

थेट_जागेवर | बुधवार, रात्री ११:०५

फोटो पाहिला. गड अप्रतिम. पण निळा उजेड कुठून आला? तुम्हीच लिहिलंय की ताडपत्री खाली शेडवर आहे, इमारतीच्या पलीकडे. शेडवरचा उजेड सहा मजले चढून गच्चीवरच्या टाकीच्या पोटाला कसा लागेल?

पाणीदार | बुधवार, रात्री ११:२०

अय्या. पण तो निळा मी काढणार नाही. तो मला हवाच आहे.

ओला_कागद | गुरुवार, सकाळी ६:४०

काढू नका. निळा ठेवा, ताडपत्री हलवा.

जूनच्या तोंडावर पुण्यातल्या कुठल्याही गच्चीवर बघा. जुनी सायकल, उरलेल्या फरशा, गणपतीच्या मखराचा सांगाडा, काही ना काही निळ्या ताडपत्रीखाली झाकलेलं असतं, आणि पावसाळा सरला तरी दिवाळीनंतर ती काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तशी एक टाकीजवळ गच्चीवरच आणा. डिसेंबरातही ती तिथेच असणार. शेडवर मग नुसता पत्रा राहू दे, गंजका. म्हणजे निळा वर, तांबूस खाली, रंगांचीही सोय झाली.

थेट_जागेवर | गुरुवार, सकाळी ८:१५

आणायचीच तर टाकीच्या पुढे, जरा उजवीकडे ठेवा. सूर्य उजवीकडून मागून आहे, टाकीची सावली पुढे डावीकडे पडेल. डावीकडे ठेवलीत तर ताडपत्रीच सावलीत जाईल आणि निळा उजेड पुन्हा बेवारस. उन्हातली ताडपत्री अगदी निळी काढू नका, वरच्या घड्यांवर ती जवळजवळ पांढरी होते, निळा दिसतो तो घडीच्या आत.

आणि सहीखाली तारीख घाला, पण ‘जागेवर’ असं लिहू नका.